महाराजांच्या मुक्कामाचं पाणी

पिवळ्या रंगावर माझा मुळातच जीव. देवाचा पीतांबर पिवळा, सप्त्याच्या मंडपाला बांधतात त्या झेंडूच्या माळा पिवळ्या, काल्याच्या पंगतीत वाढतात ते वरण पिवळं. पण चैत्रातल्या एका सकाळी मंजूनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझ्या नाकासमोर काचेचा गिलास धरला आणि त्यातलं नळाचं पाणीही पिवळं दिसलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो रंग माझ्या मनातून उतरला.

"पाहा बरं," मंजू म्हणाली. "तुमचे महाराज हेच पानी पेनार हायेत का?"

मी गिलास नाकाला लावला. वास होता. कशाचा, ते हरिनाम घेणाऱ्या माणसानं लिहू नये.

लखमाजी महाराज यंदा आमच्याकडे मुक्कामाला येणार होते. आता तुम्ही त्यांचं कीर्तन ऐकलेलं नसेल तर मी काय सांगू? साधं 'रामकृष्णहरी' म्हणून गळा मोकळा करतात, तेवढ्यानंच मागे उभ्या असलेल्या आम्हा टाळकऱ्यांच्या अंगावर काटा येतो. आता वय झालंय, गळा नाजूक झालाय. मागच्या साली एका गावी पाणी बाधलं तर महाराजांचा आवाज बसला आणि पुढच्या तीन-चार गावांना नुसता टाळ-मृदंग ऐकून घरी जावं लागलं. त्यात महाराजांचा नेम कडक. कीर्तनाचं मानधन घेत नाहीत आणि विकतचं पाणी पीत नाहीत. ज्या घरी मुक्काम, त्या घरची माणसं पितात तेच पाणी. जार आणला की महाराज हात जोडून म्हणतात, "बापू, म्या कधी कीर्तन विकलं का? मंग तुमी मले पानी कायले विकत आनता?"

सप्ताह समितीत किती वर्षं मी टाळ कुटतो आहे! मंडपाच्या खुंट्या ठोकल्या, पंगतीत पत्रावळी वाढल्या, महाराजांचा मुक्काम मात्र दरवर्षी कोणातरी पक्क्या बंगल्यावाल्याच्या घरी. यंदा समितीनं एकदाचं माझं नाव घेतलं. मी एका खाजगी कॉलेजात लिपिक, घर तीन खोल्यांचं, पण म्हटलं, देव खोल्या मोजत नाही. देव खोल्या मोजत नाही हे खरं; पाण्याचा वास मात्र घेतो की काय, अशी शंका मला त्या सकाळी आली.

गावाचं नाव सांगत नाही. वाशीमहून मानोऱ्याकडे येताना लागतं एवढंच समजा. नगरपंचायतीतले लोकही वाचतात, आणि मला अजून तिथं घरपट्टी भरायला जायचं असतं.

आमच्याकडे नळाला पाणी पाच-सहा दिवसांआड येतं, तेही रुसलेल्या जावयासारखं. म्हणून आमच्या गल्लीत नळाला तोटी लावायची रीत नाही. उलट प्रत्येकानं आपल्या दारात खड्डा खणून नळ जमिनीच्या खाली नेलेला आहे. नळ जितका खाली तितकं पाणी जास्त, हा हिशेब. शेजाऱ्यानं हातभर खणलं की आपण दीड हात खणायचं. शेषरावांचा खड्डा तर असा की पाणी भरायला माणूस आत उतरला की वरून नुसती टोपी दिसते. खड्ड्यात उतरायचं, नळाच्या तोंडाला टिल्लू पंप जोडायचा आणि गल्लीतलं पाणी सगळ्यांच्या आधी ओढायचं. आमचं घर गल्लीच्या टोकाला, चढावर. त्यामुळे आमचा खड्डाही नाइलाजानं खोल होता. तो मी स्वतः खणला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

पाणी पिवळं झालं ही बातमी गल्लीत गेली आणि सल्ले सुरू झाले. शेषराव आमच्या गल्लीच्या उतरणीच्या तोंडाशी राहतात. एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण आवाज अजून माइकवरचा आहे.

"रामकिसनभाऊ! तुरटी फिरवा, तुरटी! माह्याकडे पाहा, पानी कसं आरशासारखं येते. तुमच्याकडेच काहून बिघडते? काही तरी तुमच्याकडेच असन."

किराणा दुकानवाल्या सुंदरबाईंनी शेवग्याच्या बिया कुटून टाकायला सांगितल्या. मुनाफ मोटारी आणि पंप दुरुस्त करतो. गल्लीतला प्रत्येक टिल्लू त्यानंच बसवलेला आहे. तो म्हणाला, "भाऊ, पहिलं पानी सोडून देत जा ना, मंगचं भरा." त्याची आई अमीनाबी आमच्या ओट्यावर टेकत म्हणाली, "उबालून घे बेटा, बाकी सब झंझट हाये."

कोणाचं मन मोडायचं नाही हा माझा स्वभाव. मी तुरटी फिरवली, शेवग्याच्या बिया टाकल्या, तांब्याचा पैसा टाकला आणि सगळं एकत्र उकळलं. मंजूनं झाकण काढून पाहिलं आणि विचारलं, "आता मोहरी तडतडवू का?"

शेवटी मी नगरपंचायतीत गेलो. पाणीपुरवठ्याचा अभियंता ऋषिकेश हा आमच्याच कॉलेजातून शिकून गेलेला. त्यामुळे त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कामाचं सोडून सगळं विचारलं. मग म्हणाला, "सर, टाकीवर पाणी एकदम क्लिअर आहे. औषध टाकतो आपण रोज. तुमच्या घराशी काय होतंय हे कळायला नमुना तपासावा लागेल. वाशीमच्या प्रयोगशाळेत द्या. अहवाल आणा, मग पाहू."

"तुमचा माणूस नाही का घेऊन जात?"

"माणूस आहे ना सर. तो निवडणुकीच्या कामाला लावलाय."

"निवडणूक तर झाली."

"हो. पण तो अजून परत आला नाही."

मी उठलो. सरकारी कचेरीत वाद घालू नये. तिथं टाळ आपल्या हातात असतो, पण ताल त्यांचा असतो.

पाणी आलं त्या दिवशी मी नमुना घेतला. बाटली कोणती घ्यावी? घरात गंगाजलाची एक बाटली होती, रिकामी, तांबड्या झाकणाची. याहून शुद्ध बाटली जगात कुठली? ती भरली. आणि पाणी घराबाहेर, एका थोर ठिकाणी चाललेलं आहे, मुक्कामाचा मान त्यावर अवलंबून आहे, या भावनेनं सवयीनं हात तुळशीकडे गेला. एक पान वर सोडलं. नमस्कार केला आणि वाशीमची एसटी धरली.

प्रयोगशाळेत वर्षाराणी मॅडम होत्या. पांढरा कोट, तरुण वय, कपाळावर बारीक टिकली. त्यांनी बाटली उजेडात धरली. पान हळूच गोल फिरलं.

"काका, हे तपासायला आणलंय की तीर्थ म्हणून घ्यायचंय?"

"तुळस तर शुद्धच असते ना जी."

"तुमच्यासाठी असते. माझ्या मशीनसाठी तो पाला आहे." मग माझं तोंड पडलेलं पाहून त्या जरा मऊ झाल्या. निर्जंतुक केलेली एक बाटली दिली आणि समजावलं: झाकणाला आतून हात लावायचा नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी आणायची, आणि "कृपा करून, काका, वरून काही सोडायचं नाही. फूलही नाही."

फुलाचं मी विचारणारच होतो.

पुढच्या पाण्याला दुसरा नमुना घेतला. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, घरातल्या एका मोठ्या जुन्या डब्यात भरला, बर्फाच्या मधोमध बाटली बसवली आणि एसटीत बसलो. ऊन असं की खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. गाडी भरलेली. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, कुठल्याशा तांड्यावरची, हातभर बांगड्यांची. तिनं डब्याकडे पाहिलं. गार वाफ येत होती.

"भाऊ, पानी दे रे घोटभर."

आता आपण कीर्तनं ऐकून वाढलेली माणसं. तहानलेल्याला पाणी नाही म्हणणं म्हणजे आतापर्यंत ऐकलेलं सगळं निरूपण पाण्यात. पण हेच पाणी कसं देऊ?

"आजी, हे पाणी वाईट आहे."

"वाईट हाये?" म्हातारीनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मंग बर्फात कायले ठेवलं बे?"

मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. एकजण म्हणाला, "गळ्यात माळ हाये अन् पानी नाई देऊन राह्यला!" दुसरा म्हणाला, "अहो, लस असन ते." कंडक्टर आला, त्यानं डबा उघडून पाहिला आणि न्याय दिला, "पानी नका देऊ, पन बर्फ तर द्या! बर्फ काय तुमच्या वाईटातला हाये का?"

मी म्हातारीला बर्फाचा तुकडा दिला. तिनं मला भरभरून आशीर्वाद दिले, इतके मोठ्यानं की पुढच्या बाकावरच्या बाईनं लेकरासाठी मागितला. मग ड्रायव्हरसाठी एक गेला. वाशीम येईपर्यंत सगळी एसटी बर्फ चघळत होती, मी पुण्यवान ठरलो होतो आणि डब्यात बाटली कोमट पाण्यात तरंगत होती.

वर्षाराणी मॅडमनी बाटलीला हात लावला आणि नवी बाटली पुढे केली. एवढंच विचारलं, "बर्फ?"

"वाटला," मी म्हणालो.

तिसऱ्या वेळी मुनाफनं मोटारसायकल काढली. "भाऊ, तुमच्याच्यानं एसटीत नमुना पोचत नाई. तुमी रस्त्यानं दानधर्म करता. बसा मागं, डबा मी समोर घेतो." नमुना पोचला. थंडगार, बिनपानाचा, बिनफुलाचा.

काही दिवसांनी अहवाल आला. खाली शिक्क्याजवळ ठळक अक्षरात लिहिलं होतं: पिण्यास अयोग्य.

मला वाटलं होतं, अहवाल आला की नगरपंचायत हलेल. नगरपंचायत हलली नाही, पण अहवाल हलला. मी तो ऋषिकेशला दाखवायला नेला, तिथं शिपायानं वाचला, शिपायानं चहावाल्याला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की रामकिसनच्या घरचं पाणी सरकारनं अयोग्य ठरवलं. पाण्याचा मार्ग कुठं, नळ कुठं, ते सगळं गळून गेलं; आमचं घर तेवढं उरलं. दुसऱ्या दिवशी मंजूच्या माहेरचे पाहुणे आले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर ते म्हणाले, "राहू द्या, आत्ताच पेलो." चहाही नको म्हणाले. वऱ्हाडात पाहुणा चहाला नको म्हणतो तेव्हा समजावं, आपली काही किंमत उरली नाही. मंजू त्या दिवशी जेवली नाही. घागरीकडे बघत बसली होती.

समितीची बैठक बसली ती आमच्याकडच्या मुक्कामाच्याच विषयावर. शेषराव माइक नसतानाही माइकवरच बोलले.

"रामकिसनभाऊचा भाव मोठा हाये, कोनाचं काई म्हननं नाई. पन महाराजाचा गळा म्हंजे आपल्या गावाची इज्जत! माह्याकडे पानी आरशासारखं. मुक्काम माह्याकडे लावा."

ठरलं असं, की सप्त्याच्या आधी आमचं पाणी सुधारलं तर ठीक; नाहीतर महाराज शेषरावांकडे. मी मान हलवली. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांतून जे आलं, ते मात्र अगदी स्वच्छ होतं.

मग एक दिवस मंजूनं मला हाताला धरून अंगणात नेलं. नळाचं पाणी नुकतंच गेलं होतं. तिनं सकाळी देवाची भांडी खड्ड्याच्या काठावर बसून घासली होती. आमच्या दारातली ती रोजचीच जागा. गुलाल, बुक्का, अष्टगंध, जे काही देवाच्या अंगावर होतं ते धुऊन खड्ड्यात उतरलं होतं आणि खाली गुलाबी पाणी साचलं होतं.

"पाहा. हलू नका."

मी पाहिलं. नळाचं तोंड त्या गुलाबी पाण्यात बुडालेलं होतं. आणि पाणी कमी होत होतं. आधी हळूच, मग एक बारीक भोवरा आला, मग गटागटा आवाज झाला, आणि नळानं खड्ड्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

बालपणापासून मी नळाला पाणी देताना पाहिलंय. नळाला पाणी पिताना पहिल्यांदाच पाहिलं.

"रोज पेते वाटते," मंजू म्हणाली. "आपल्या खड्ड्यातलं, अन् सगळ्याईच्या खड्ड्यातलं. लाईन रिकामी झाली का ओढून घेते. अन् मंग पुढच्या पान्याला तेच आपल्याले देते."

"मग हे आता कुठं गेलं?"

मंजूनं उताराकडे पाहिलं. उताराच्या तोंडाशी शेषरावांचं घर होतं. भक्त माणसानं काही गोष्टी देवावर सोडाव्यात.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळीच उतारावरून माइकवरचा आवाज आला. शेषराव गल्लीच्या मधोमध उभे होते. अंगातलं बनियन गुलाबी, पांढऱ्या मिशा गुलाबी, हातातली बादली गुलाबी. "कोनं रंग टाकला? होळी होऊन गेली, कोनं टाकला बे रंग?"

मी सगळं सांगितलं. देवाची भांडी, खड्डा, नळाचं पिणं, सगळं. शेषराव आधी चिडले. मग त्यांनी मिशीला बोट लावून वास घेतला.

"म्हंजे हे अष्टगंध हाये?"

"आणि गुलाल."

"मंग सुंदरबाईच्या खड्ड्यातलं कोनाकडे येते?" त्यांनी सुंदरबाईंच्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या खड्ड्याशेजारी दोन बकऱ्या बांधलेल्या होत्या. सुंदरबाई म्हणाल्या, "मले काय पाहता? शेषरावभाऊ, तुमी तर खड्ड्यात उतरून आंघोळ करता." त्यानंतर गल्लीत बराच वेळ प्रत्येकजण दुसऱ्याच्या खड्ड्याकडे पाहत राहिला. पाहता पाहता सगळ्यांना आपण इतकी वर्षं काय काय प्यालो ते एकेक करून आठवत गेलं. 'आरशासारखं' हा शब्द त्या दिवसापासून शेषरावांनी वापरला नाही.

ऋषिकेशला बोलावलं. तो आला, त्यानं पाहिलं आणि सांगितलं की खड्डे बुजवा, नळ जमिनीच्या वर घ्या, तोट्या बसवा, पाइपात घाण शिरायचं थांबेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शेषरावांनी विचारलं, "पन पहिले कोन बुजवन?"

इथं येऊन गाडं रुतलं. ज्याचा नळ वर, त्याला पाणी कमी. एकट्यानं बुजवलं तर बाकीचे खालून सगळं ओढणार. जो तो म्हणे, तुमी बुजवा, मी आलोच. मुनाफनं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, तुमाले सांगू का? सगळ्याईनं बुजवलं तरी मार तुमालेच बसनार हाये. तुमचं घर चढावर, शेवटचं. नळ वर आला का तुमच्याकडे पानी चढलं तर चढलं. नाई तर नाई."

"आणि नाही बुजवला तर?"

"मंग भेटन, पिवळं."

मी मंजूकडे पाहिलं. ती म्हणाली, "कमी का भेटेना. कोनाले देताना हात तर नाई आखडनार." तिथं आमचं ठरलं.

पण गल्लीचं ठरत नव्हतं. प्रत्येकाला शंका, की शेजारी बुजवल्यासारखं करेल आणि अंधार पडला की पुन्हा खणेल. शेषराव म्हणाले, सगळ्यांनी वीणेवर हात ठेवून शपथ घ्या. मुनाफ म्हणाला, "मी बी ठेवू का?" "ठेव ना, वीणा काय तुले चावते?" तेवढ्यात अमीनाबी ओट्यावरून ओरडली, "अरे कसम कायले खाता? आपला खड्डा आपण बुजवूच नका. दुसऱ्याचा बुजवा!"

यातलं शहाणपण तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. फावडी हातात आल्यावर आलं. स्वतःचा खड्डा बुजवायला ज्याचा हात उठत नव्हता, तो शेजाऱ्याचा बुजवायला असा धावला की विचारू नका. शेषरावांचा मी बुजवला, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला भजनाइतकाच आनंद झाला. मुनाफचा शेषरावांनी बुजवला, सुंदरबाईंचा मुनाफनं, आणि सुंदरबाईंनी पदर खोचून आमच्या खड्ड्यावर अशी धुम्मस मारली की आता तिथं रणगाडा उभा करावा. आमची भजनी मंडळी सप्त्याच्या तालमीला जमलेलीच होती. कोणीतरी मृदंग आणला, आणि मृदंग वाजायला लागल्यावर फावडं थांबवणं आमच्या गल्लीत कोणाला जमत नाही. मुनाफनं नळ वर घेतले, तोट्या बसवल्या आणि घरोघरचे टिल्लू काढून दुकानात रांगेनं मांडले. "सप्ता झाल्याबिगर कोनी मागायचा नाई," म्हणाला, "माह्याच पोटावर माहा पाय."

पाणी आलं. पहिलं गढूळ वाहू दिलं, दुसऱ्यांदा आलं ते नितळ. नमुना मुनाफनं नेला, वर्षाराणी मॅडमनी पिण्यास योग्य असा शेरा दिला आणि निरोप पाठवला, "काकांना सांगा, आता हवी तर तुळस टाका." समितीनं मुक्काम आमच्याकडेच ठेवला. शेषराव स्वतः म्हणाले तसं.

महाराज यायच्या दिवशी सकाळी नळाला पाणी सुटलं. आम्ही घरातलं जुनं सगळं पाणी आधीच ओतून दिलं होतं. पिंप घासून, माठ धुऊन, मंजू नव्या तोटीसमोर पितळेची घागर घेऊन बसली होती. उतारावर कलकलाट चालला होता, "आलं, आलं!" आमच्या तोटीतून आधी हवा आली. मग एक थेंब. मग बारीक धार, जानव्याच्या दोऱ्याएवढी. एक तांब्या भरला. मग पुन्हा हवा.

मुनाफ म्हणाला होता तसंच झालं होतं.

"एक तांब्या," मंजू म्हणाली. "चला, देवाले झालं."

"आणि महाराजांना?"

चौकात गाडीचा हॉर्न वाजला. टाळांचा आवाज सुरू झाला, म्हणजे महाराज उतरले होते. जार आणवला तर महाराज पाणी पिणार नाहीत. पाणी नाही म्हणावं तर इतक्या वर्षांनी दारात आलेल्या माणसाला काय तोंड दाखवू? मी डोक्याला हात लावून ओट्यावर बसलो.

खालून सुंदरबाई येताना दिसल्या. कमरेवर घागर. "भाऊ, तुमाले चढलं नसन म्हनून आनलं. आमच्या तोटीले जोर हाये." त्यांच्या मागं मुनाफ दोन बादल्या घेऊन. त्याच्यामागं अमीनाबी, हळूहळू, सुरईवरचं झाकण हातानं धरून. आणि सगळ्यांच्या मागं शेषराव, खांद्यावर कळशी, श्वास फुललेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "सरका, सरका! महाराजाचं पानी हाये!"

पाच मिनिटांत आमच्या ओट्यावर इतकी भांडी झाली की महाराजांना चढायला जागा राहिली नाही. महाराज पायरीवरच थांबले. लहानखुरी मूर्ती, पांढरं धोतर, कपाळावर बुक्का. मंजूनं जवळच्या भांड्यातून पेला भरला आणि पुढं केला. महाराजांनी पाणी घेतलं, डोळे मिटले, सावकाश संपवलं.

"गोड हाये," ते म्हणाले. "घरचंच ना?"

मी तोंड उघडायच्या आतच मागून सुंदरबाई म्हणाल्या, "आमच्या घरचं हाये जी. माही घागर व्हय ते."

"तुमची कायची?" शेषराव म्हणाले. "पेला माह्या कळशीतून भरला! मी पाह्यलं."

अमीनाबी सुरई छातीशी धरून म्हणाली, "माझं तर अजून कोनी झाकण बी नाई काढलं."

महाराजांनी एकेकाकडे पाहिलं. आमच्या कोरड्या तोटीकडे पाहिलं. त्यांच्या काय ध्यानात आलं आणि काय नाही, मला सांगता येत नाही. ते पायरीवरच मांडी घालून बसले आणि पेला पुढं केला.

"द्या. सगळ्याईचं द्या. कोनाचंच राहू नये."

आणि महाराज प्यायले. सुंदरबाईंचं, मुनाफचं, शेषरावांचं, अमीनाबीच्या सुरईतलं वाळा घातलेलं, शेवटी आमच्या तांब्यातलं. कीर्तनाला निघेपर्यंत गल्लीतलं एकेक घर आपापलं भांडं घेऊन येतच होतं, आणि नाही म्हणायचं हे महाराजांच्या स्वभावात नाही.

संध्याकाळी मंडप भरला. मुनाफनं लाइटची वायर ओढली होती, पुढच्या रांगेत शेषराव, बायकांत मंजूच्या शेजारी सुंदरबाई. महाराजांचा आवाज लागला. अरे, काय लागला! इतक्या वर्षांत तो आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता. निरूपण रंगलं, दृष्टांत अगदी भरात आला, आणि नेमक्या त्याच जागी महाराज थांबले. मान किंचित मागे वळवून मला म्हणाले, "रामकिसन, गजर धर."

मला नवल वाटलं. दृष्टांताच्या मधे गजर?

"धर," महाराज म्हणाले. मग अगदी हळू, "अन् लांबव."

मी गजर धरला. महाराज हार सावरत मंडपाच्या मागच्या बाजूला उतरले. मुनाफ हातबत्ती घेऊन आमच्या घरच्या मोरीपर्यंत वाट दाखवायला धावला. मृदंग चढला, टाळ चढले, गजर वर वर जात राहिला. जन्मात कधी गायलो नाही तसा मी गायलो. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर पुढच्या रांगेत शेषराव शेजाऱ्याला कोपरानं ढोसून काहीतरी सांगत होते, सुंदरबाई मंजूच्या कानात कुजबुजत होत्या, आणि आमच्या गल्लीतलं एकेक तोंड अभिमानानं असं फुललं होतं, की जो तो मनाशी समजून होता, महाराज उठले ते आपल्याच घरच्या पाण्यानं.